केनेथ व्हिटलच्या मयताला कोण होतं

गनी मुकादम नक्की काय काम करतो, हे दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या त्याच्या बिल्डिंगीत कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी विचारलंच तर तो "ब्रिटिश गव्हर्नमेंटचं काम आहे" एवढंच सांगे, आणि ऐकणाऱ्याची मान जरा आदराने हले. मग तो घाईघाईने विषय बदलायचा. खरं सांगायला गेला असता तर समोरच्याच्या हातातला चहा गार झाला असता. इंग्लंडातल्या एका गावात एकटा राहणारा माणूस घरातच मरतो, त्याला न्यायला कुणी येत नाही, तेव्हा त्याचे नातेवाईक शोधून त्यांना फोन करायचा, हे गनीचं काम. आणि हा फोन जायचा दुबई मरीनाजवळच्या एका काचेच्या इमारतीतून. तिथल्या खिडकीतून खाली बघितलं तर लोक बोटींवर वाढदिवस साजरे करताना दिसत.

हे असं कसं, ते सांगायला हवं. इंग्लंडात हॅरोवेल नावाचं एक बरो आहे. बरो म्हणजे आपल्याकडची नगरपालिका आणि पंचायत समिती यांच्या मधलं काहीतरी. त्याला एक महापौर असतो, तो वर्षभर गळ्यात सोन्याची साखळी घालून बक्षिसं वाटत हिंडतो. निवडून आलेले सभासद असतात, ते पार्किंगवरून भांडतात. वर आणखी काउंटी नावाचं मोठं सरकार आहेच. रस्ता काउंटीचा, पण रस्त्यावरचा कचरा बरोचा. शाळा काउंटीची, स्मशान बरोचं. थोडक्यात, माणूस शिकतो तोवर काउंटीचा आणि मेला की बरोचा. तिथे कायदाच आहे, ज्याच्या अंत्यविधीची सोय कुणीच करत नाही, त्याची सोय तो जिथे मेला त्या कौन्सिलने करायची. कायदा चांगला आहे, पण कौन्सिलकडचे पैसे आटत गेले. माणसं कमी केली, कामं बाहेर दिली. कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारी, पार्किंगचे पास, आणि शेवटी हे मयतांचे फोनसुद्धा एका कंपनीकडे गेले. कंपनीच्या मालकाला तिकडचा टॅक्स भरायचा नव्हता म्हणून तो दुबईत, तो दुबईत म्हणून ऑफिस दुबईत, आणि ऑफिस दुबईत म्हणून तिथे आमचा गनी. त्यात आता तिकडच्या सरकारने लहान कौन्सिलं मोडून मोठ्यात मिसळायची ठरवलेली, म्हणजे खुद्द हॅरोवेल बरोचीच घटका भरत आलेली. बेवारस मयतांसाठी बरोच्या ऑफिसात एकच बाई उरली होती, ज्युडिथ नावाची.

ज्युडिथ हातमोजे घालून त्या बंद घरात जायची. खण उघडायची, ख्रिसमसची जुनी कार्डं, औषधांच्या पिशव्या, फोनजवळ चिकटवलेले नंबर, जे सापडेल त्याचे फोटो काढून दुबईला पाठवायची. पुढचं गनीचं. पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर जेमतेम केस, आवाज मात्र इतका मऊ की मूळचा शिपिंग कंपनीतला कारकून असूनही त्याला या टेबलावर बसवला तो त्या आवाजामुळेच.

टीम लीडर होती पुण्याची संजना. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गनीभाई, पहिल्या वाक्यात 'डाइड' हा वर्ड आलाच पाहिजे. 'पास्ड अवे' पण नको, लोक कन्फ्यूज होतात. स्क्रिप्ट इज स्क्रिप्ट. आणि आपलं काम इन्फॉर्म करायचं, बोलवायचं नाही."

पहिली गोष्ट गनीने पाळली. दुसरी त्याला कधी जमली नाही. तो दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. त्यांच्या वाडीत कुणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून नाव पुकारत, आणि हातातलं काम टाकून माणसं येत. ज्याच्याशी जन्माचं वाकडं, तोही खांदा द्यायला हजर असे. कबरीवर माती टाकायला एवढी माणसं की मागच्यांना थांबावं लागे. असल्या गावातून आलेल्याला, माणूस जातो आणि मागे चालायला कुणी नसतं, हे सहनच होत नसे. फोनवर नातेवाईक म्हणायचे, "आमचा काही संबंध नाही, बिल पाठवू नका." गनी म्हणायचा, "बिल बरो भरणार आहे. तुम्ही फक्त या. अर्धा तास उभे राहा." आणि बरेच जण यायचे, हे संजनालाही कबूल करावं लागे. ज्युडिथ नंतर कळवायची, पुतण्या आला होता, जुनी शेजारीण आली होती. ते वाचलं की त्या दिवशी गनी घरी जाताना बायकोसाठी, बानूसाठी, टपरीवरून करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा, आणि चिप्स-पराठा घेऊन जायचा, कारण सांगायचा नाही.

आणि आता त्या रीतीबद्दल बोलायला हवं, जिच्यामुळे हे सगळं घडलं. आखातात माणूस असलेल्या आपल्या घरांत एक रीत आहे. फोनवर मरण सांगायचं नाही. "तब्येत जरा सीरियस आहे, येऊन जा," एवढंच म्हणायचं. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही आतून ठाऊक असतं, पण दोघंही ते नाटक निभावून नेतात. बिचारा परदेशात एकटा, त्याच्या अंगावर डोंगर कोसळला तर सावरणार कोण? तो आधी विमानात बसू दे, गावात येऊ दे, चार माणसांत उभा राहू दे, मग कळू दे. हेतू वाईट नसतो, हे मीही मान्य करतो.

गनीचे अब्बा गेले तेव्हा थोरल्या भाईने असाच फोन केला. गनी विमानतळावर जायच्या आधी दुकानात शिरला आणि कमरेला बांधायचा विजेवर गरम होणारा पट्टा घेतला. अब्बांची कंबर दुखायची. दीडशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे आपले अडीच हजार, असा बानूने मोठ्याने हिशोब करून सांगितलाही, पण तो ऐकत नव्हता. विमानभर तो खोका मांडीवर घेऊन बसला होता. वाडीच्या तिठ्यावर गाडी घराकडे न वळता कब्रस्तानाकडे वळली, तेव्हा त्याला कळलं. माती आदल्या दिवशीच झाली होती.

नंतर जो भेटेल त्याला गनी सांगे, "भाईने बरोबरच केलं. प्रवासापुरते तरी अब्बा मला जिवंत मिळाले." इतक्यांदा सांगितलं की सगळ्यांना पटलं. बानूला नाही पटलं, कारण तो खोका न उघडता परत आला आणि उम्म अल कुवैनच्या घरात कपाटावर चढून बसला. ती साफसफाईला हात लावायला गेली की गनी म्हणायचा, "राहू दे."

तर त्या हिवाळ्यात ज्युडिथकडून केनेथ व्हिटलची फाइल आली. वय एक्क्याऐंशी, लग्न नाही, बरोच्याच भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा. शेजाऱ्यांना चार दिवस दिवा तसाच जळताना दिसला म्हणून दार फोडलं. फ्रीजवर चुंबकाने लावलेला एक नंबर, त्यावर फक्त 'डोरीन' लिहिलेलं. कागद पिवळा पडलेला, पण जागेवर होता.

गनीने नंबर फिरवला. इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या गावात तो वाजला. म्हाताऱ्या बाईने उचलला.

"मी गनी मुकादम, हॅरोवेल बरो कौन्सिलकडून बोलतोय. केनेथ व्हिटल यांच्याबद्दल," गनी म्हणाला.

स्क्रिप्टचं पुढचं वाक्य ओठांवर होतं. पण त्याआधी पलीकडून असा आवाज आला, की जणू कुणीतरी खुर्चीतून अर्धवट उठलंय.

"केन? केनने तुम्हाला माझा नंबर दिला? त्याने ठेवला होता?" बाईच्या आवाजात एकदम पोरपण आलं होतं. "मी त्याची बहीण, डोरीन हेज. धाकटी. आम्ही बोलत नाही, म्हणजे आईच्या घरावरून झालं होतं, जाऊ दे ते. त्याने नंबर ठेवला होता?"

"ठेवला होता," गनी म्हणाला. हे तरी खरं होतं. "फ्रीजवर लावलेला होता."

"बघा! आणि मला वाटलं फाडून टाकला असेल. बरा आहे ना तो?"

या जागी दुसरं कुणी असतं तर सांगून मोकळं झालं असतं. संजनाने तर दोन वाक्यांत संपवलं असतं. आतापर्यंत ज्यांना ज्यांना गनीने सांगितलं, त्यांचे आवाज कोरडे होते, त्यामुळे सांगणं अवघड असलं तरी जमून जायचं. ही बाई खूश होती. त्या खुशीवर तो शब्द टाकायला त्याची जीभ रेटेना. आणि मग जे त्याच्या घरात, त्याच्या वाडीत, अख्ख्या खाडीपट्ट्यात लोक म्हणतात, तेच त्याच्या तोंडून इंग्रजीत निघालं.

"त्यांची तब्येत बरी नाहीये. खूप सीरियस आहे. तुम्ही ताबडतोब या."

त्याला वाटलं, झालं. हिला कळून चुकेल. रडेल, बॅग भरेल, गाडीत बसेल. तिकडे ज्युडिथ तिला घ्यायला जाईल आणि हात धरून सांगेल. तो मनातल्या मनात ते सगळं नेटकं मांडूनही मोकळा झाला.

 डोरीनने विचारलं, "त्याने मला बोलावलंय?"

गनीला खोटं बोलता येईना आणि खरंही. तो म्हणाला, "तुम्ही आलात तर बरं होईल."

"म्हणजे बोलावलं नाहीये." आवाजातली पोर गेली, म्हातारी परत आली. "हे बघा, एवढी वर्षं मी वाट बघितली. दर ख्रिसमसला कार्ड पाठवलं, एकाचंही उत्तर नाही. मी त्याच्या पलंगाशी जाऊन उभी राहायची आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवायचं, हे मला झेपणार नाही. त्याला सांगा, मला फोन कर. एक शब्द बोल, मी रात्रीची गाडी पकडून येते. मी फोनपाशीच आहे. सांगाल ना?"

"हो," गनी म्हणाला, आणि फोन ठेवला.

तो 'हो' म्हणाला, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या 'हो'ने केलं.

दुसऱ्या दिवशी तो चूक दुरुस्त करायचं ठरवूनच आला. गाडीत शेजारी बसलेल्याशी एक शब्द बोलला नाही, वाक्य घोकत होता. आय अॅम सॉरी, युवर ब्रदर डाइड. नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"केन?"

गनीने फोन ठेवून दिला.  सोमवारी पुन्हा फिरवला. पुन्हा पहिली रिंग पुरी व्हायच्या आत, पुन्हा "केन?", या वेळी अगदी हळू, जणू मोठ्याने म्हटलं तर पलीकडचा पळून जाईल. गनीने पुन्हा ठेवला. पन्नाशीचा बाप्या, दोन मुलांचा बाप, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या दोन अक्षरांना भिऊन टेबलावर कपाळ टेकवून बसला. मला त्याची कीव येते, आणि त्याहून जास्त रागही येतो.

ज्युडिथचा मेल आला. दहन गुरुवारी, सकाळची पहिली वेळ. ती वेळ स्वस्त असते आणि कुणाला नको असते, म्हणून बरोची माणसं नेहमी तीच घेतात. शेवटी तिने विचारलं होतं, बहीण येणार आहे का? थांबायचं असेल तर आठवडाभर थांबू शकते.

आठवडाभर थांबू शकते, असं तिने लिहिलं होतं. गनीने ते वाक्य वाचलं. एक फोन, एक वाक्य, आणि व्हिटलच्या मागे चालायला त्याची सख्खी बहीण असती. त्याने उत्तर लिहिलं, "बहिणीला कळवलं आहे. येणार नाही." आणि पाठवून दिलं.

गुरुवारी हॅरोवेलमध्ये नऊ वाजले तेव्हा इकडे दुपारचा एक होता. गनी ऑफिसच्या नमाजखोलीत जोहरला, दुपारच्या नमाजाला, उभा राहिला, आणि बाकीचे गेल्यावरही थांबला. परक्या धर्माच्या माणसासाठी दुआ मागावी की नाही, त्याला ठाऊक नव्हतं, कुणाला विचारायची हिंमत नव्हती. तो नुसतं नाव घेत राहिला. केनेथ व्हिटल, केनेथ व्हिटल. मग शार्दूल नावाचा कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारी घेणारा मुलगा डोकावला आणि म्हणाला, "गनीभाई, यल्ला, संजना मॅडम ढूंढ रही है." तो बूट घालून परत गेला.

दोन आठवडे काही झालं नाही. गनी जेवायचा, झोपायचा, फोन करायचा. लेक अरफा बारावीत, तिच्या परीक्षेचं घरात टेन्शन, त्या गडबडीत त्याचं गप्प राहणं खपून गेलं. बानूने एकदा विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" तो म्हणाला, "काही नाही, वर्कलोड."

मग एका दुपारी शार्दूलने खुर्ची वळवून हाक मारली. "गनीभाई, एक म्हातारी लाइनवर आहे. हॉस्पिटलचं नाव अन् वॉर्ड नंबर मागतेय. मी म्हटलं मॅडम, हे बिन्सचं डिपार्टमेंट आहे, तर म्हणते, तुमच्याकडच्या त्या मऊ आवाजाच्या माणसाला द्या. तुम्हीच असणार."

गनीने हेडफोन चढवला.

"मिस्टर मुकादम?" डोरीन म्हणाली. नाव तिने नीट उच्चारलं, म्हणजे सराव केला होता. "मी शेवटी ठरवलंय, मीच येते. त्याचा फोन येईल म्हणून मी घर सोडलं नाही हो. शेजारीण सामान आणून देत होती. मधे वाटलं, आपला फोनच बिघडलाय, म्हणून माणूस बोलावून तपासूनही घेतला. धडधाकट आहे म्हणाला. तर म्हटलं, जाऊ दे, तो तसाच हट्टी, मी तरी कशाला हट्ट करू? मी लिंबाचा केक केलाय. त्याला फार आवडायचा. हॉस्पिटलात खाऊ देतील का?"

गनीने डोळे मिटले. खाली मरीनात कुठल्या तरी बोटीचा भोंगा वाजला.

"मिसेस हेज," तो म्हणाला, "मला फार वाईट वाटतं. तुमचे भाऊ वारले."

 मग आवाज आला, "आज?"

"नाही. महिना झाला."

"पण तीन आठवड्यांपूर्वी तर तुम्ही मला…" ती थांबली. हिशोब लागत होता, आणि गनीला तो लागताना ऐकावा लागत होता. "तुम्ही पहिला फोन केलात तेव्हा तो होता का?"

"नाही. तेव्हा ते गेलेले होते."

"आणि अंत्यविधी?"

"दोन आठवड्यांपूर्वी. गुरुवारी सकाळी."

"गुरुवारी मी घरी होते," डोरीन म्हणाली. "मी फोनपाशी बसले होते."

गनी बोलत सुटला. आमच्याकडे फोनवर असं सांगत नाहीत, आजारी आहे म्हणतात, माणूस समजून घेतो आणि येतो, त्याला धक्का बसू नये म्हणून, मला वाटलं तुम्ही याल. त्याचं त्यालाच ऐकू येत होतं की हे किती पोकळ वाटतंय.

"पण मी तुमच्याकडची नाहीये ना, मिस्टर मुकादम," ती म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "तो मेला म्हणाला असतात, तर मी त्याच मिनिटाला निघाले असते. मेलेल्यावर कोण रुसतं? तो जिवंत आहे म्हणालात, म्हणून मी अडून बसले."

मग तिने पुढचं विचारलं.

"कोण होतं तिथे?"

"आमच्या कौन्सिलच्या ज्युडिथ होत्या. आणि उचलणारी माणसं."

"म्हणजे ओळखीचं कुणीच नाही."

"नाही."

आपण त्या वेळी इथे उभं राहून नाव घेत होतो, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने सांगितलं नाही. सांगून बरं त्यालाच वाटलं असतं, तिला नाही. एवढी एक गोष्ट त्या सगळ्या प्रकरणात त्याने नीट केली.

"अजून एक विचारते," डोरीन म्हणाली. "मधे दोनदा फोन वाजला. मी उचलला की बंद. ते तुम्हीच होतात?"

"हो."

"मला वाटलं केन. धीर करतोय आणि मग ठेवून देतोय, असं वाटलं. तो लहानपणापासून तसाच, दाराशी येऊन परत जायचा."  "त्या दोन फोनांवरच तर मी तिकीट काढलं."

गनी म्हणाला, राख ठेवलेली आहे, तुम्ही या, ज्युडिथ तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येईल. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "राखेसाठी केक आणू?" आणि फोन ठेवून दिला.

गनीने ते कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. डोरीनने तक्रार केली नव्हती, कधी केलीही नाही. पण तो उठून संजनाकडे गेला आणि पहिल्या फोनपासून सगळं सांगितलं. संजना वाईट बाई नव्हती. ती हातातलं पेन खाली ठेवत म्हणाली, "गनीभाई, तुम्ही मला हे का सांगितलंत? आता मला अॅक्शन घ्यावी लागणार." अॅक्शन म्हणजे त्याला त्या टेबलावरून उठवून शार्दूलच्या शेजारी बसवलं. डबा उचलला नाही, डबा फुटला, शेजाऱ्याने डबा पळवला. ज्युडिथला त्याने शेवटचा मेल लिहून खरं काय ते कळवलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: मी थांबले असते. बहीण राख न्यायला आली की नाही, हे गनीला कधीच कळलं नाही. ते आता त्याचं काम राहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सुट्टी. बानूने चहा ठेवला, अरफा पुस्तक घेऊन टेबलाशी बसली होती. गनीने खुर्चीवर चढून कपाटावरचा खोका काढला. धूळ पुसली. बानू गॅसशीच थांबली.

"अरफा," गनी म्हणाला, "तुझ्या आजोबांसाठी हा मी घेतला होता. त्यांना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलो मी."

अरफाने मान वर केली. "आय नो, बाबा. मॉम टोल्ड मी. बट व्हाय डिडन्ट दे जस्ट टेल यू?"

आजवरचं ठरलेलं उत्तर गनीच्या तोंडात तयार होतं. ते त्याला म्हणवेना. तो म्हणाला, "विमानात मी अब्बांना काय काय बोलायचं ते ठरवत होतो. आल्या आल्या पट्टा बांधून देईन, मग हे बोलेन, मग ते बोलेन. सगळं ठरवलं होतं." मग तो रडायला लागला. एवढ्या वर्षांत बानूने त्याला अब्बांसाठी रडताना बघितलं नव्हतं. तिने गॅस बंद केला आणि येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

जरा सावरल्यावर त्याने गावी फोन लावला. थोरल्या भाईने उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी अंगण झाडत होतं.

"अम्मा कशी आहे?"

"मजेत आहे. आताच चाय प्यायली. देऊ काय?"

"नंतर दे. आधी तुझ्याशी बोलायचंय." गनीने घसा साफ केला. "भाई, उद्या अम्माला काही झालं, तर मला सरळ सांगायचं. सीरियस आहे, येऊन जा, असलं काही नको. गेली तर गेली म्हणायचं. फोनवर. पहिल्या वाक्यात. मी सहन करीन. वादा कर."

"असं अभद्र का बोलतोस सकाळी सकाळी?"

"वादा कर, भाई."

"हो रे बाबा, हो," भाई म्हणाला. "सरळच सांगू. तू टेन्शन घेऊ नको. आधी तुझ्या बीपीची गोळी घे, अन् आरामात राहा तिकडे."

तो इतक्या चटकन आणि इतक्या मायेने 'हो' म्हणाला, की गनीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. असा 'हो' त्याला चांगला ओळखीचा होता. डोरीनला त्याने स्वतःच तो दिला होता.

"अम्माला दे," तो म्हणाला, आणि तिचा आवाज येईपर्यंत श्वास रोखून थांबला.